घरात काही बंद आहे का?

माझे साडू मंगळवारी सकाळी गेले. दुपारी गोत्रीहून, त्यांच्या घरून परत आलो, आंघोळी झाल्या आणि बायकोने चहाचं आधण ठेवलं. दूध फाटलं. कपाटात कंडेन्स्ड मिल्कचा एक डबा होता. तिने तो काढला, ओट्यावर ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि परत कपाटात ठेवून दिला. आम्ही कोरा चहा प्यायलो.

तो डबा आमच्या कपाटात का होता हे सांगायचं तर आधी साडूंविषयी सांगायला हवं. गेल्या चाळीस वर्षांत बडोद्यात जेवढे डबे आणि बाटल्या उघडल्या गेल्या त्यांतल्या निम्म्या माझ्या साडूंनी उघडल्या, आणि उरलेल्या निम्म्या लोकांनी चुकीच्या पद्धतीने उघडल्या. हे माझं मत नाही, त्यांचं होतं. पण इतकी वर्षं शेजारी बसून पाहिल्यावर मलाही ते फारसं अतिशयोक्त वाटत नाही. माणसं डबा दाताने, चावीने, दाराच्या कडीने, स्क्रूड्रायव्हर आणि वरवंट्याने उघडतात. साडू असं काही पाहिलं की डोळे मिटून घेत. एकदा एका लग्नात वाढप्याने टेबलाच्या कडेवर बाटली आपटून झाकण उडवलं, तेव्हा ते पंगतीतून उठून गेले. जिलेबी पानात तशीच राहिली. आणि जिलेबीवर त्यांचा फार जीव होता.

साडू हे नातं मोठं विचित्र. या दोन माणसांनी एकमेकांना कधी पसंत केलेलं नसतं. त्यांनी दोन बहिणींना पसंत केलेलं असतं आणि त्या बदल्यात एकमेकांना जन्मभर सांभाळून घ्यायचं असतं. मी ग्रंथालयात नोकरी केली. बोलणं कमी, वाचणं जास्त. ते नंदेसरीच्या एका केमिकल कारखान्यात. हातात पाना, अंगाला कसलासा उग्र वास, आणि आवाज असा की फोनवर बोलताना फोनची गरज पडू नये. पहिल्या भेटीत त्यांनी मला विचारलं, काय काम करता? मी म्हटलं, पुस्तकांची नोंद ठेवतो. ते म्हणाले, "म्हणजे चोपडीवाले." गुजरातीत पुस्तकाला चोपडी म्हणतात. त्या दिवसापासून माझं नाव बदललं. माझ्या निवृत्तीच्या समारंभात पहिल्या रांगेतून "बोला चोपडीवाले" अशी आरोळी आली तेव्हा आमच्या ग्रंथपालबाई दचकल्या होत्या.

त्यांच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या वर सात खिळे होते आणि सात खिळ्यांना सात ओपनर. ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, लग्न झाल्यापासून एकच मागणी करत होती, की सांडशी अडकवायला मला एक खिळा द्या. ती मागणी कधीही मंजूर झाली नाही. सांडशी कायम कुकरमागे नाही तर परातीखाली सापडायची, आणि ओपनर मात्र देवांच्या तसबिरींसारखे रांगेत. प्रत्येकाला नाव होतं. तेलाचा पंधरा किलोचा डबा कापायचं जाड पात्याचं हत्यार म्हणजे फौजदार. गोटीसोड्याच्या बाटलीतली गोटी आत ढकलायची लाकडी टोपी म्हणजे आजोबा, कारण गोटीसोडाच दुर्मिळ झाल्यामुळे त्यांना काही काम उरलं नव्हतं. आणि एक होती सुईण. काळपट लाकडी मूठ, पुढे टोकदार पोलादी पातं, बगलेत बाटलीचं झाकण उचलायचा आकडा. ही त्यांच्या वडिलांच्या वेळची. ती खिळ्यावर फक्त झोपायला जायची; दिवसभर साडूंच्या पँटच्या उजव्या खिशात. त्यामुळे त्यांच्या सगळ्या पँटींचे उजवे खिसे आतून ठिगळ लावलेले होते.

आता गुजरातेत राहायचं, दारूला बंदी, आणि खिशात बाटलीचा ओपनर घेऊन फिरायचं म्हणजे काय हे बाहेरच्यांना कळणार नाही. साडूंनी आयुष्यात दारू चाखली नाही. कफ सिरपसुद्धा ते नाक दाबून घेत. पण मुंबईहून येणारा प्रत्येक पाहुणा त्यांचा खिसा पाहून डोळा मिचकावायचा आणि थोड्या वेळाने त्यांना बाजूला घेऊन हळूच विचारायचा, की मग सोय कुठं होते. साडू त्याला कोपऱ्यावरच्या गाडीवर नेऊन जिरा सोडा पाजत. एकदा ते ताईबरोबर मुंबईच्या जुन्या बाजारातून पाच ओपनर घेऊन येत होते. राज्याच्या सीमेवर बस थांबली आणि पोलिसाने पिशवी उघडली. पाच ओपनर बाहेर निघाले, खिशातली सुईण सहावी. पोलीस म्हणाला, बाटली क्यां छे? साडू म्हणाले, बाटली नथी साहेब, ओपनर ज छे. नुसते ओपनर घेऊन कोणी प्रवास करतो यावर त्या बिचाऱ्याचा विश्वास बसेना. त्याने पिशवी झटकली, सीटखाली पाहिलं, ताईचा पुरणपोळ्यांचा डबा हुंगला. अख्खी बस खोळंबली. शेवटी उकाड्याने हैराण होऊन त्याने शेजारच्या टपरीवरून थंड पेयाची बाटली मागवली आणि बाटलीबरोबर ओपनर आला नाही. साडूंनी सुईण काढली, झाकण उचललं, रुमालाने बाटलीचं तोंड पुसलं आणि बाटली त्याच्या हातात दिली. पोलिसाने ते झाकण उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, जाओ काका.

त्याने झाकण का पाहिलं हे मला माहीत आहे. साडूंनी उघडलेल्या बाटलीचं झाकण, ज्याला आम्ही लहानपणी बिल्ला म्हणायचो, ते वाकत नसे. इतर लोकांच्या हातून निघालेला बिल्ला मधोमध दुमडलेला असतो. साडू आकडा एकदा इकडून लावत, जरा उचलत, बाटली फिरवून पुन्हा तिकडून लावत, आणि बिल्ला टोपी काढून नमस्कार करावा तसा सबंध वर यायचा. तो टेबलावर ठेवून ते बोटाने टिचकी मारून पाहत. डुगडुगला तर नापास. आमच्या घराण्यातल्या सगळ्या मुलांकडे एकेकाळी अशा न वाकलेल्या बिल्ल्यांच्या पिशव्या होत्या आणि शाळेत त्यांचा भाव दुप्पट होता.

ही शिस्त नंदेसरीची. त्यांचं काम रसायनांचे ड्रम उघडायचं. ड्रमला बूच असतं. ते पान्याने फिरवायचं. पण उन्हात राहिलेल्या ड्रमच्या आत वाफ कोंडलेली असते, म्हणून आधी फक्त पाव आटा, म्हणजे चतकोर वेढा, फिरवायचा आणि तोंड बाजूला करून थांबायचं. फुस्स असा आवाज येतो. तो संपला की मग पुढचं. एकदा नव्या माणसाने घाई केली. माणूस वाचला, शर्ट गेला. त्या दिवसापासून साडूंनी पाव आटा हा जगाचा नियम करून टाकला. लोणच्याची बरणी, कुकर, औषधाची बाटली, सगळीकडे पाव आटा आणि थांबणे. कंडेन्स्ड मिल्कच्या डब्याला दोन भोकं पाडायची असतात, समोरासमोर. साडू पहिलं भोक पाडून थांबत. मी एकदा म्हटलं, की दुधात काही वाफ नसते, थांबायचं कशाला? ते म्हणाले, "आतल्याला कळू द्यायचं ने, की आपण आलोय." आणि मग, मला कळलं नसावं असं वाटून, तेच मोठ्याने परत सांगितलं.

गोत्रीच्या त्यांच्या सोसायटीत ऐंशी घरं, बहुतेक गुजराती. तिथे वर्षाचं सिंगतेल भरायची चाल. हंगाम आला की घरोघरी शेंगदाणा तेलाचे मोठे डबे येत आणि साडूंची स्वारी फौजदार घेऊन निघे. डबा 'फोडायचा' असं कोणी म्हटलं तर ते दारातूनच परत फिरण्याची धमकी देत. फोडायला तो काय नारळ आहे? डबा उघडायचा. मोठं भोक या कोपऱ्यात, हवेसाठी बारीक भोक त्या कोपऱ्यात, एक थेंब जमिनीवर नाही. बायका चहा ठेवत, ढोकळा देत, आणि ते प्रत्येक घरी ढोकळ्यातल्या दोषांवर मोकळेपणाने बोलत. कोणाला राग येत नसे. "ओपनरकाका" म्हणून लोक त्यांना ओळखत. दारावरच्या पाटीवरचं त्यांचं खरं नाव फक्त पोस्टमनच्या उपयोगाचं होतं.

माझ्या पुस्तकांशी त्यांचा संबंध एकदाच आला. ग्रंथालयाने रद्दीत काढलेलं एक जुनं पुस्तक मी घरी आणलं होतं. त्याची पानं कडेला जोडलेलीच होती. पूर्वी पुस्तकं तशी येत. वाचणाऱ्याने सुरीने पानं कापत वाचत जायचं. हे पुस्तक छापल्यापासून कोणी वाचलेलंच नव्हतं. साडूंनी ते हातात घेतलं, जोडलेल्या पानांमध्ये डोकावून पाहिलं आणि गंभीर झाले. "एवढी वर्षं बंद?" असं म्हणून त्यांनी सुईण काढली. मी घाबरलो. पण त्यांनी पहिल्या पानाची कड अशी उलगडली की कागदाला दाताही पडला नाही. मग थांबले. पुस्तकाला कळू दिलं. तो अख्खा रविवार ते पानं उघडत होते आणि मी त्यांच्या मागोमाग वाचत होतो. संध्याकाळी त्यांनी विचारलं, आत काय निघालं? मी म्हटलं, शेतसाऱ्याच्या पद्धतींची माहिती आहे. ते म्हणाले, असू दे, काही डब्यांत पडवळ पण निघतं.

माझे वडील गेले तेव्हा मी काही दिवस बोललो नाही. मुळात मी बोलका नाही, त्यामुळे फरक फक्त बायकोला कळला आणि ती घाबरली. तिने साडूंना बोलावलं. ते रोज संध्याकाळी गोत्रीहून दांडियाबाजारातल्या आमच्या घरापर्यंत स्कूटरवर येत आणि माझ्या शेजारी बसत. तो आवाज, तो माणूस, आणि तोंडातून शब्द नाही. ताई सांगते, की रस्त्यात दुप्पट बोलून ते भरपाई करत. चौथ्या दिवशी बायकोने त्यांना स्वयंपाकघरात विचारलं, की भाऊजी, काहीतरी बोला ना त्यांच्याशी. त्यांचं कुजबुजणं मला बाहेर स्वच्छ ऐकू आलं. "पाव आटा फिरलाय. थांबू." पाचव्या दिवशी मी वडिलांच्या चष्म्याबद्दल काहीतरी बोलायला लागलो आणि मग बराच वेळ बोलत राहिलो. ते तोंड जरा बाजूला करून ऐकत होते.

तीन वर्षांपूर्वी आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला मी काचेच्या बाटल्यांतला मसाला सोडा आणला होता. सोड्याच्या काचेच्या बाटल्या आता शोधाव्या लागतात. साडूंनी पहिली बाटली उघडली आणि बिल्ला मधोमध वाकून निघाला. कोणाचं लक्ष नव्हतं. त्यांनी टिचकी मारून पाहिलं नाही. बिल्ला मुठीत घेतला आणि खिशात टाकला. मग मला म्हणाले, बाकीच्या तुम्ही उघडा, माझा हात तेलकट आहे. त्यांचा हात तेलकट नव्हता. मी पाहिला. तो थरथरत होता.

डॉक्टरांनी त्या थरथरीला एक लांब नाव दिलं आणि गोळ्या दिल्या. साडूंना नावाचं किंवा गोळ्यांचं काही वाटलं नाही. त्यांना भीती एकच होती आणि ती त्यांनी कोणाला सांगितली नाही, की आता आपल्याला कोणी बोलावणार नाही. आणि तसंच झालं, तेही कोणाची काही वाईट इच्छा नसताना. सोसायटीतल्या बायकांनी काकांना त्रास नको म्हणून दुकानातूनच डबे उघडून आणायला सुरुवात केली. तेल प्लास्टिकच्या कॅनमध्ये येऊ लागलं. बाटल्यांना पिळायची झाकणं आली आणि डब्यांना वर ओढायची कडी. नखाने उचला, ओढा, झालं. साडूंना कडीचा तिरस्कार होता. असा डबा ते सरळ उलटा करत आणि सुईण घेऊन खालच्या बाजूने उघडत. वरची बाजू कारखान्याने बिघडवली आहे, ते म्हणत, खालची अजून डब्याची आहे. पण आता डबा उलटा करून उघडायचा तर मनगटात जोर हवा होता. ते संध्याकाळी सोसायटीत फेऱ्या मारत, हात खिशात. लोकांना वाटे थरथर लपवतात. मला माहीत होतं, की हात सुईणीवर आहे.

गेल्या वर्षी त्यांच्या मुलीचं डोहाळजेवण झालं. तिचं सासर गुजराती. सोसायटीच्या हॉलमध्ये दोन्हीकडची शंभरएक माणसं. जावई भला माणूस. त्याने रसगुल्ल्यांचे बारा डबे आणले होते आणि सगळ्यांना वर कडी. साडूंनी एका डब्याकडे नुसता हात पुढे केला तर तो प्रेमाने म्हणाला, "पप्पा, तमे बेसो. रिंग खेंचो एटले खुली जाय." व्याहीही म्हणाले, वेवाई, रहेवा दो. साडू बसले. हॉलच्या कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीत, नवा झब्बा, उजवा हात खिशाशी. झब्ब्याचा खिसा सुईणीच्या वजनाने एका बाजूला ओढला गेला होता. एक डबा उघडला, टक्क. दुसरा उघडला, टक्क. प्रत्येक टक्कला ते किंचित हसत होते. पाहुण्यांकडे पाहून माणूस हसतो तसं.

मी आयुष्यात शिस्तभंग केलेला नाही. ग्रंथालयाचं पुस्तक एक दिवसही उशिरा परत केलेलं नाही. पण त्या दिवशी मी हॉलच्या स्वयंपाकघरात गेलो, आचाऱ्याकडून पक्कड मागून घेतली, फ्रीजच्या आडोशाला उभा राहिलो आणि रेशमी झब्ब्याच्या बाह्या सावरून रसगुल्ल्याच्या डब्याची कडी वाकवून वाकवून तोडली. मग दुसऱ्याची. तिसऱ्याला पक्कड निसटली आणि अंगठ्याला लागलं. मान वर केली तर जावई दारात उभा. तो माझ्याकडे पाहत राहिला, मग बाहेर खुर्चीतल्या सासऱ्यांकडे पाहिलं, आणि चौथा डबा माझ्यापुढे सरकवून निघून गेला.

चार डबे छातीशी धरून मी साडूंसमोर उभा राहिलो आणि सांगितलं, की साडूभाऊ, यांच्या कड्या तुटल्या, आता काय करायचं कोणाला कळत नाही. त्यांनी डबे पाहिले. माझा अंगठा पाहिला. मग अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "म्हणून सांगत होतो, कडी म्हणजे काही खरं नाही." खुर्ची टेबलाशी ओढली गेली. सुईण बाहेर आली. डबा उलटा झाला. व्याही बघायला उठले, मुलं जमली, मुलगी फुलांच्या वाडीसकट येऊन उभी राहिली. साडूंनी पातं कडेला टेकवलं आणि हात थरथरला. पातं टिनावरून सरकलं. पुन्हा टेकवलं. पुन्हा सरकलं. बायकोने माझा दंड घट्ट धरला. मला वाटलं, मी हे काय केलं.

साडू माझ्याकडे न बघता म्हणाले, "चोपडीवाले, इकडं या. धरा." मी डबा धरला. ते म्हणाले, डबा नाही, ही धरा. त्यांनी सुईण माझ्या हातात दिली आणि माझ्या हातावर आपला हात ठेवला. माझा हात त्यांच्यापेक्षा जास्त थरथरत होता. त्यामुळे की काय, दोन्ही थरथरींनी एकमेकींना थोपवलं. पातं आत गेलं. ते म्हणाले, थांबा. आम्ही थांबलो. मग वरखाली, वरखाली करत आम्ही पुढे सरकलो. शेवटची दोन बोटं कापायची नाहीत, ते मुलांना सांगत होते, झाकणाला बिजागरी ठेवायची, झाकण आत पडलं तर उघडणाऱ्याला कळत नाही असा अर्थ. चारही डबे उघडले. टाळ्या झाल्या. व्याह्यांनी पहिला रसगुल्ला त्यांच्या तोंडात घातला. गर्दी पांगल्यावर ते सुईण पुसत, खाली बघत, त्यांच्या मानाने अगदी हळू म्हणाले, "एक कडी तुटते, चोपडीवाले. चार नाही तुटत." मी दुखरा अंगठा मुठीत मिटला. ते म्हणाले, "रविवारी येतो. घरात काहीतरी बंद ठेवा."

त्यानंतर दर रविवारी सकाळी नऊला फोन. नमस्कार नाही, तब्येत नाही. "घरात काही बंद आहे का?" मी म्हणायचो, आहे, या. जावई त्यांना आणून सोडायचा. आता घरात दर रविवारी काहीतरी बंद असायचं तर ते आणावं लागतं, आणि बिनकडीचे डबे मिळत नाहीत. खंडेराव मार्केटपासून रावपुऱ्यापर्यंत मी दुकानं पालथी घातली. एक दुकानदार समजावू लागला, काका, रिंगवाळो लई जाओ, सहेलो पडशे. मी म्हटलं, "मने अघरो ज जोईए." मला अवघडच हवा. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की पुढच्या खेपेला मी दिसताच तो शिडी लावून मागच्या फळीवरचे धूळ बसलेले डबे काढू लागला. आम्ही त्या वर्षात इतका अननस आणि इतकं कंडेन्स्ड मिल्क खाल्लं, की बायकोची साखर वाढली. दोघांनाही ते आवडत नाही.

सुरुवातीला त्यांचा हात माझ्या हातावर असे. मग नुसता मनगटाला टेकलेला. मग ते खुर्चीतून पाहत आणि शिव्या देत. मी तीनदा बोट कापून घेतलं, एकदा डबा थेट ताईच्या मांडीवर उडवला. ताई म्हणाली, एवढी वर्षं एक होता, आता दोन झाले. मार्चमध्ये एका रविवारी मी सोड्याची बाटली उघडली. इकडून जरा, फिरवून तिकडून जरा. साडूंनी बिल्ला टेबलावर ठेवला आणि थरथरत्या बोटाने टिचकी मारली. बिल्ला डुगडुगला नाही. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. शाबासकी वगैरे देण्याची त्यांना सवय नव्हती. ते म्हणाले, सोडा गरम होतोय, प्या.

कपाटातला तो डबा पुढच्या रविवारचा होता. मधे मंगळवार आला.

तेरावा रविवारीच पडला. सकाळी नऊला मी फोनजवळ होतो. का होतो ते सांगता येणार नाही. गोत्रीला जेवणं झाली, माणसं गेली, तेव्हा ताईने स्वयंपाकघरातून सुईण आणून माझ्या हातात ठेवली. म्हणाली, "घेऊन जा. मला सांडशीला खिळा हवाय केव्हाचा."

घरी आलो. बायकोने चहाचं पाणी चढवलं, डबा काढून ओट्यावर ठेवला आणि बाजूला उभी राहिली. मी पहिलं भोक पाडलं आणि थांबलो. बराच वेळ थांबलो. ती पण थांबली. मग मी साडूंविषयी बोलायला लागलो, पोलिसाचं, पुस्तकाचं, तुटलेल्या कड्यांचं, आणि चहाचं पाणी आटून गेलं, तिने दुसरं ठेवलं. मग मी समोरच्या बाजूला दुसरं भोक पाडलं.

डब्यातलं निम्मं दूध संपलं आहे. उरलेलं फ्रीजमध्ये वाटीत आहे. सुईण आमच्या ओट्यावरच्या खिळ्याला आहे. गोत्रीला ताईच्या भिंतीवर एक खिळा रिकामा आहे; परवा गेलो होतो तेव्हा सांडशी कुकरमागे होती.